एका कॅमेऱ्याचं कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट

बेंगळुरूत, कोरमंगलातल्या एका फ्लॅटच्या बाथरूममध्ये मी दार लावून, दिवा मालवून उभी होते. हातात टॉर्च, आणि टॉर्च कॅमेऱ्याच्या पोटात. ज्यांना हा कॅमेरा घ्यायचा होता ते हणमंतअण्णा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून वाट बघत होते. कॅमेऱ्याचा मालक, सॉफ्टवेअरमधला एक तिशीतला तरुण, दर दोन मिनिटांनी दारापाशी येऊन विचारत होता, "मॅम, सब ठीक है ना?"

ठीक नव्हतं. भात्याच्या घड्यांतून उजेडाचे बारीक ठिपके दिसत होते. मी मोजले. सात भरले.

भाता म्हणजे काय, ते आधी सांगते. लार्ज फॉरमॅट कॅमेरा हा तसा साधा प्रकार आहे. पुढे एक चौकट, तिच्यात लेन्स. मागे एक चौकट, तिच्यात घासलेली काच, न्हाणीघराच्या खिडकीला असते तशी. दोन्हींच्या मधे पेटीच्या भात्यासारखा घड्यांचा काळा भाता. लेन्समधून आलेलं चित्र मागच्या काचेवर उमटतं. डोक्यावर काळं कापड घेऊन ते बघायचं, नीट जुळवायचं आणि मग काचेच्या जागी फिल्म सरकवायची. एका वेळी एकच फोटो, एका सुट्या फिल्मवर. ही फिल्म चार इंच बाय पाच इंच असते, म्हणून सगळे या कॅमेऱ्याला फोर बाय फाइव्ह म्हणतात. भात्याला भोक असलं की बाहेरचा उजेड आत शिरतो आणि फोटोवर पांढुरका डाग येतो.

मी बाहेर येऊन सांगितलं, फेल. तरुणाचा चेहरा पडला. नोकरी बदलून तो परदेशी निघाला होता आणि भाव त्याने खरंच वाजवी लावला होता, लेन्ससकट. अण्णांनी मला विचारलं, "अक्का, भोकांना काळी टेप लावली तर?"

"टेप ही रिपेअर नाही, अण्णा. ती लपवाछपवी."

"स्वल्प दिवस चालला तरी पुरे मला."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. वहीत लिहिलं, 'बेलोज लीक, सात ठिकाणी. रिजेक्टेड.' आणि आम्ही जिना उतरलो. टेप लावायला मला एक तास लागला असता.

मी एकतीस वर्षं बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात ऑप्टिक्सच्या इन्स्पेक्शनला होते. लेन्स, प्रिझम, दुर्बिणी. लग्न होऊन मिरजेहून इथे आले, हातात डिप्लोमा होता, भरती निघाली आणि लागले. प्रॉडक्शनवाले पाठीमागे मला रिजेक्ट मॅडम म्हणायचे. मला त्याचा राग यायचा नाही, उलट आतून गुदगुल्या व्हायच्या. माझ्या टेबलावरून सदोष माल पुढे गेला असं एकदाही झालं नाही, आणि हे मी कोणी न विचारताही सांगत असे. शेवटची आठ वर्षं टेंडरच्या टेक्निकल कमिटीवर होते. निवृत्त झाल्यावर ओळखीतून लोक जुने कॅमेरे आणि लेन्स तपासायला आणू लागले. कुणाला घ्यायचा असतो, कुणाला विकायचा असतो, मधे भरवशाचं माणूस हवं असतं. मी तपासणीची फी घेते आणि लेखी रिपोर्ट देते. तेव्हा हे कामच.

हणमंतअण्णा माझ्याकडे आले ते शिवरात्रीनंतरच्या आठवड्यात. वय बाहत्तर, मोजणी खात्यातले निवृत्त सर्व्हेअर, राहणार चामराजपेट. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षं इथलंच. घरात मराठी बोलतात, पण ती ऐकताना मला सुरुवातीला कान टवकारावे लागायचे, कारण निम्मे शब्द कन्नड. मी त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. तरी पहिल्या दिवसापासून मी त्यांची अक्का, थोरली बहीण.

त्यांचा उजवा डोळा गेलेला होता. डाव्यात दर महिन्याला इंजेक्शन. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, ज्याने आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो, तो खराब होत चालला होता. या आजारात कडेचं दिसत राहतं, मधलं जातं. अण्णांनी मला ते माझ्याच खिडकीच्या गजांवर समजावून दिलं.

"हे गज सरळ आहेत ते मला ठाऊक आहे, अक्का. पण मधे वाकलेले दिसतात. सर्व्हेअरला सरळ रेघ वाकडी दिसायला लागली, आता काय करायचं?"

हसत म्हणाले. डॉक्टर म्हणत होते, इंजेक्शनांनी सध्या थांबलंय, किती दिवस थांबेल ते सांगता येत नाही.

नोकरीत अण्णांनी होसकोटे आणि कोलारच्या बाजूच्या खडकाळ टेकड्यांवर खांब रोवून मोजण्या केल्या होत्या. पस्तीस वर्षं त्या टेकड्यांचे आकडे लिहिले, चित्र एकही काढलं नाही. आता त्यांना पाच जागांचे फोटो काढायचे होते. स्वतः बघून, स्वतः काढायचे होते. मुलीने मोबाइल दिला होता, पुतण्याने डिजिटल कॅमेरा. दोन्हींत काही जमेना. मोबाइलचा पडदा उन्हात दिसायचा नाही आणि कॅमेऱ्याच्या नखाएवढ्या खिडकीत त्यांचा डोळा काही धरू शकायचा नाही. मग कुणीतरी सांगितलं की एक कॅमेरा असा असतो, ज्याची काच तळहाताएवढी असते, कापडाखाली अंधारात तोंड घालून हवा तेवढा वेळ बघता येते, वर भिंग ठेवता येतं. काचेवर चित्र उलटं दिसतं, डोकं खाली. नवीन माणूस त्याने बिथरतो. अण्णा म्हणाले, "आमच्या मोजणीच्या जुन्या दुर्बिणीत, थिओडोलाइटमध्ये, जग उलटंच दिसायचं. मला सवय आहे."

बजेट पेन्शनवाल्या माणसाचं. मुलीकडे मागायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं. परवडेल असा फोर बाय फाइव्ह, लेन्ससकट, ही मागणी. मी म्हटलं, मिळेल. फक्त नीट निवडू या.

माझी नीट निवडायची पद्धत एकच. कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट. सरकारी खरेदीत आलेल्या सगळ्या ऑफर एका मोठ्या तक्त्यात मांडतात. आडव्या ओळीत एकेक विक्रेता, उभ्या रकान्यांत वजन, माप, अवस्था, वॉरंटी, दर. आधी बघायचं की माल टेक्निकली पास होतो का. जे पास होतात त्यांत ज्याचा दर सगळ्यांत कमी, तो एल-वन. ऑर्डर त्याला. या पद्धतीने आम्ही कोट्यवधींची यंत्रं घेतली आणि कुणी बोट दाखवू शकलं नाही. अण्णांच्या कॅमेऱ्यासाठी मी तसाच तक्ता आखला. अण्णांना तो फार आवडला. पट्टीने ओढलेल्या रेघा बघून, निदान कडेकडेने बघून, ते म्हणाले, काम म्हणजे असं हवं.

तक्त्यात 'विशेष गरज' या रकान्यात मी लिहिलं, 'मोठी काच, कारण दृष्टी कमी.' शेवटचा रकाना डिलिव्हरीचा होता. तिथे मी लिहिलं, 'नॉट क्रिटिकल.' कारखान्यात ज्या मालावाचून लाइन बंद पडणार नसते त्याच्यापुढे हे दोन शब्द लिहायचा रिवाज होता. हा तर हौसेचा कॅमेरा. इथे कुठली लाइन बंद पडणार होती?

कोरमंगलाचा कॅमेरा टेक्निकलमध्ये फेल झाला. दुसरी ऑफर यशवंतपूरची होती. यंत्रांच्या कॅटलॉगसाठी फोटो काढणारा एक जुना स्टुडिओ बंद होत होता. मालक साठीचे, मितभाषी गृहस्थ. त्यांच्याकडे मोनोरेल होता. मोनोरेल म्हणजे एका जाड दांड्यावर दोन्ही चौकटी सरकतात, वाकतात, वळतात. हव्या तशा जुळवता येतात, जुना घेतला तर स्वस्तही मिळतो, पण मिटत नाही. स्टुडिओत एका जागी ठेवायला उत्तम. मी भाता तपासला, एकही भोक नाही. काच तपासली, स्वच्छ. मालक म्हणाले, तीस वर्षांत एक दिवस अडला नाही. मग मी पिशवीतून सामान तोलायचा हूक-काटा काढला. कॅमेरा साडेपाच किलो. त्याला पेलणारा ट्रायपॉड आणखी चार.

अण्णा म्हणाले की मुलगी येईल उचलायला. गाडीपासून जिथवर जमेल तिथवर नेऊ, वर नाही चढलो तर पायथ्याशी लावू.

"पायथ्यापासून तुम्हाला हवं ते दिसतं का?" मी विचारलं.

"सगळं नाही दिसत."

"मग कसा पास करू?"

त्यांनी त्या कॅमेऱ्याच्या काचेवरून हात फिरवला. खिडकीबाहेर एक लॉरी उभी होती, ती काचेवर उलटी उमटली होती. ते वाकून, मान तिरकी करून ती बघत राहिले. म्हणाले, नंबर प्लेट वाचता येते की हो. मालक माझ्याकडे बघत होते. मी वहीत लिहिलं, 'वजन जास्त. अपेक्षित वापरास अयोग्य.' तो एप्रिलचा पहिला आठवडा होता. अण्णांनी मला नंबर प्लेट वाचून दाखवली होती, आणि मी काट्यावरचा आकडा वाचत होते.

तिसरी ऑफर इंटरनेटवरची. परदेशात एक छोटी कार्यशाळा लाकडाचे फिल्ड कॅमेरे बनवते. फिल्ड कॅमेरा म्हणजे पेटीसारखा मिटणारा, पाठीवर टाकून डोंगरावर नेण्यासाठीच केलेला. वजन दीड किलो. नामांकित कंपन्यांच्या निम्म्याहून कमी दर, कस्टम ड्यूटी धरूनही. पुढची चौकट थोडी पुढे झुकवता येते, त्यामुळे पायाजवळचा दगड आणि लांबची टेकडी एकाच वेळी स्पष्ट येते. लँडस्केपवाल्याला हे लागतंच. तक्त्यात प्रत्येक रकान्यापुढे बरोबरची खूण झाली. एल-वन. ऑर्डर आल्यावर बनवतात, बारा आठवडे.

अण्णांना मी फोनवर सांगितलं.

"बारा आठवडे म्हणजे तीन महिने, अक्का?"

"चांगल्या वस्तूला तेवढा वेळ लागतोच, अण्णा."

"सरी. तुम्ही म्हणता तर सरी."

सरी म्हणजे ठीक. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी अकराला त्यांचा फोन येऊ लागला. आलं का? स्वल्प बेगा होईल का बघा. बेगा म्हणजे लवकर. बोलणं अत्यंत अदबीचं, पण शनिवार चुकायचा नाही. महिनाअखेरीला प्रॉडक्शन मॅनेजर माझ्या टेबलापाशी येऊन असेच गोड बोलायचे, एवढी लॉट सोडा ना मॅडम. मी त्यांना कधी बधले नाही, तेव्हा अण्णांनाही बधले नाही. दुसऱ्या महिन्यात तर फोनवर त्यांचं नाव दिसलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. एकदा मी म्हटलं, अण्णा, घाईत घेतलेली वस्तू आयुष्यभर डोकं खाते. ते म्हणाले, बरोबर आहे तुमचं.

मधल्या काळात मी लेन्सच्या मागे लागले. दीडशे मिलिमीटरची एक जुनी लेन्स मिळाली. या प्रकारात शटर कॅमेऱ्यात नसतं, लेन्समध्येच असतं. मी ते मशीनवर तपासलं, तर एका सेकंदाऐवजी सव्वा सेकंद उघडं राहत होतं. परत पाठवली. लेन्सवर एक चिठ्ठी चिकटवून 'सव्वा धरा' असं लिहिलं असतं तरी भागलं असतं. जगभर लोक तेच करतात. दुसरी आली, तिच्यात कडेला बुरशीचा एक धागा होता. फोटोत तो कधीही दिसला नसता. परत पाठवली. तिसरी पास झाली.

बारा आठवड्यांचे सोळा झाले, लाकूड सुकलं नव्हतं म्हणे. मग पार्सल कस्टममध्ये अडकलं. लाकूड कुठलं, कीड मारल्याचा दाखला आहे का, हा कॅमेरा आहे की फर्निचर, अशी पत्रं सुरू झाली. मी प्रत्येक पत्राला मुद्देसूद उत्तर दिलं. सरकारी पत्रव्यवहारात माझा हात धरणारं कोणी नाही. आणि श्रावणात अण्णांचे शनिवारचे फोन बंद झाले. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. मला वाटलं, माणसाला शेवटी समजलं.

गणपती झाल्यावर कॅमेरा हातात आला. देखणा होता. अण्णांना लगेच कळवायला हवं होतं, पण तपासल्याशिवाय माल द्यायचा हे माझ्या हातून होणं शक्य नव्हतं. भाता तपासला, चौकटी काटकोनात आहेत का पाहिल्या. मग काच. या कॅमेऱ्यात काच जितक्या अंतरावर बसते, बरोबर तितक्याच अंतरावर पुढे फिल्म बसावी लागते. नाहीतर काचेवर स्पष्ट दिसलेलं फिल्मवर धूसर येतं. मी बारीक अंतर मोजणारा डायल गेज लावला. फरक निघाला, मिलिमीटरचा दोन दशांश. छोट्या दोषावर बोट ठेवताना होतो तो आनंद मला झाला, हे लपवत नाही. पातळ पितळी पत्र्याच्या चार पट्ट्या कापून, घासून, बसवून मी तो फरक शून्यावर आणला. या सगळ्यात बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी मी अण्णांना फोन केला.

फोन त्यांच्या मुलीने घेतला. सुमा तिचं नाव. बँकेत आहे, वडलांजवळच राहते.

"आंटी, अप्पांचा तो डोळा गेला. श्रावणात, वरमहालक्ष्मीच्या आठवड्यात. आत ब्लीडिंग झालं. मधलं काहीच दिसत नाही आता."

मी विचारलं, मला का नाही कळवलं?

"मी म्हटलं होतं. अप्पा म्हणाले, अक्कांचं काम चाललंय, त्यांना गडबड केली की त्यांचं बिघडतं."

फोन ठेवल्यावर मी तक्ता काढून बसले. वजन, माप, अवस्था, दर. सगळं जागच्या जागी. शेवटच्या रकान्यात माझ्याच वळणदार अक्षरात 'नॉट क्रिटिकल.' डोळे जात आहेत, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते ऐकलं, समजून घेतलं आणि काचेच्या मापाच्या रकान्यात टाकलं. ज्या रकान्यात टाकायला हवं होतं तिथे मी टाकलं नाही. कारखान्यात एखाद्या शिकाऊ मुलीने असं केलं असतं तर मी तिला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं असतं. मला माझी लाज वाटली. आजही वाटते. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका पकडत आले आणि त्या सवयीने माझी चूक मला सात महिने दिसली नाही.

संध्याकाळी मी पुन्हा फोन केला आणि अण्णांना मागितलं. सांगितलं की कॅमेरा मी विकून देते, सगळे पैसे परत मिळतील, माझी फी मी घेणार नाही. ते म्हणाले, "आला आहे ना कॅमेरा? मग एकदा जाऊन येऊ."

रविवारी पहाटे निघालो. सुमा गाडी चालवत होती. होसकोटेची गोदामं आणि कारखान्यांच्या शेड मागे पडल्या की उजवीकडे एक फाटा आत जातो. पाचांपैकी पहिली जागा तिथे होती. पायथ्याशी उतरलो. अण्णांनी कॅमेऱ्याची पिशवी मला घेऊ दिली नाही. स्वतःच्या पाठीवर टाकली, एका हाताने मुलीचा दंड धरला आणि सपाट कातळावरून चढू लागले. वजनाची माझी अट बरोबर होती. दीड किलोचं ओझं बाहत्तर वर्षांच्या माणसाला जाणवत नाही.

वर पोचल्यावर सुमा जरा खाली एका दगडावर जाऊन बसली. अण्णांनी ट्रायपॉड मागितला. तो त्यांनी ज्या तऱ्हेने लावला ते बघण्यासारखं होतं. पाय पसरले, बुटाच्या टोकाने कातळाच्या खाचा चाचपल्या, प्रत्येक पाय खाचेत रुतवला, मग वरचा भाग दोन्ही हातांनी हलवून पाहिला. फक्त पातळीचा बुडबुडा मला बघायला सांगितला. बुडबुडा मधोमध होता. मी कॅमेरा उघडून वर बसवला, लेन्स लावली, कापड दिलं. ते कापडाखाली गेले.

"दिसतंय का?" मी विचारलं.

"दिसतंय, अक्का. फर्स्ट क्लास."

"फोकस?"

थोडा वेळ त्यांचे हात चाकीवर पुढे-मागे फिरत राहिले. "आता शार्प. जवळचा खडक, मागची टेकडी, सगळं."

बराच वेळ ते आतच होते. बाहेर आले तेव्हा शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. म्हणाले, काच फार चांगली आहे.

फिल्म घालायच्या आधी मी एकदा खात्री करते, तशी करायला भिंग घेऊन कापडाखाली गेले. काचेवर मिट्ट काळोख.

लेन्समधलं शटर एरवी बंद असतं. काचेवर चित्र बघायचं तर बाजूची एक बारीक कळ सरकवून ते उघडं ठेवावं लागतं. लेन्स लावली की पहिलं काम ते. मी ती कळ सरकवलीच नव्हती. अण्णा इतका वेळ काळ्या काचेकडे बघत होते.

मी कापडाखालून लगेच बाहेर आले नाही. गुपचूप कळ सरकवून काही झालंच नाही असं दाखवता आलं असतं. तो विचार माझ्या मनात आला, हे कबूल करते. पण मग त्यांना जे वाटलं असेल ते तसंच राहिलं असतं.

"अण्णा, शटर बंद होतं. माझी चूक. काचेवर काहीच नव्हतं."

ते माझ्या आवाजाच्या दिशेने वळले. "बंद होतं?"

"हो."

"मला वाटलं, आता कडेचंही गेलं."

"मग दिसतंय असं का म्हणालात?"

"तुम्ही सात महिने घालवलेत, अक्का. काय सांगणार होतो?"

मी कळ सरकवली. ते पुन्हा आत गेले. या वेळी लगेच बोलले. "हां. उजेड आहे. कडेला झाड आहे. एका बाजूला खडकाची धार. आभाळ खाली." मग त्यांनी विचारलं, "मधे काय आहे?"

"टेकडी," मी म्हटलं.

"ती तुम्ही बघा मग."

मी फोकस केला. पुढची चौकट झुकवली, भिंग लावून चारही कोपरे तपासले. शटर दाबायची लांब केबल अण्णांच्या हातात दिली. त्यांनी ती अंगठ्याने हळूच दाबली, जराही धक्का न देता. चार फिल्म काढल्या. सुमाने वर येऊन विचारलं, झालं का अप्पा? ते म्हणाले, झालं.

शहरात शीट फिल्म धुऊन देणारा एकच माणूस माझ्या माहितीत आहे. त्याने आठवड्याने चारही निगेटिव्ह दिल्या. चारही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत शार्प. भात्यातून उजेडाचा एकही डाग नाही. मी अण्णांना फोन लावला आणि खाली दिव्याची पेटी ठेवून, भिंगातून बघत अर्धा तास त्यांना एकेक खडक सांगत गेले. ते मधे मधे दिशा विचारत होते. ते विचारायचे आणि मी बघून सांगायचे. शेवटी ते म्हणाले, पुरे अक्का, दमला असाल.

उरलेल्या चार जागांचं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला. तिसऱ्यांदा सुमानेच सांगितलं की आंटी, नका विचारू, तुमचा फोन येऊन गेला की ते जेवत नाहीत. त्यानंतर मी विचारलं नाही. कॅमेरा त्यांनी माझ्याकडे विकायला ठेवला आहे. घेणारे येतात, उघडून बघतात, म्हणतात की इतका निर्दोष कॅमेरा या किमतीत कसा. मी त्यांना तपासणीचा रिपोर्ट देते. रिपोर्टात काही खोटं नाही.

आता कुणी कॅमेरा निवडून द्या म्हणून आलं की मी वजन-माप नंतर विचारते. आधी विचारते, कधीपर्यंत हवा. बहुतेक सगळे म्हणतात, घाई नाही हो. मी ते लिहून घेत नाही.